बहिणीचं मागणं

१९७३ सालच्या फेब्रुवारीत आमच्या उमान बेटावर हिसाए नावाची एक जपानी बाई आली आणि पाच दिवस राहून परत गेली. त्या पाच दिवसांत माझ्या धाकट्या भावाचे, सिरिलोचे, पाय गेले. ते माझ्यामुळे गेले. हिसाएमुळे नाही, समुद्रामुळे नाही आणि बुडालेल्या जहाजामुळेही नाही, जरी गावात आजही कुणी कुणी जहाजातल्या भुतांचं नाव घेतं.

आमच्या बेटांभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याच्या आतल्या समुद्राच्या तळाशी जपान्यांची महायुद्धातली पुष्कळ जहाजं पडलेली आहेत. ती बुडाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. दोन दिवस अमेरिकन विमानं येत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पाण्यावर तेल, फळ्या आणि माणसं तरंगत होती. उमान आणि फेफान या दोन बेटांच्या मध्ये जे मोठं मालवाहू जहाज गेलं त्याला आम्ही भाताचं जहाज म्हणायचो. त्याच्या पोटात तांदळाची पोती होती आणि पुढे दोन वर्षं उपासमारीत आम्ही रोज त्या पोत्यांची आठवण काढत होतो.

सिरिलो मोठा झाला तो याच जहाजांवर. आधी ज्यांच्या गुंड्या करतात त्या शिंपा काढायचा, मग जहाजांचं पितळ. पितळ काढायला सरकारने बंदी घातल्यावर तो परदेशी पाहुण्यांना होडीतून न्यायचा आणि खालची जहाजं दाखवायचा. होडीत हवा भरायचं यंत्र, त्याला लांबलचक पिवळी नळी, नळीचं टोक तोंडात. घड्याळ त्याच्याकडे कधीच नव्हतं. वर येण्याच्या दोराला त्याने तीन गाठी मारल्या होत्या. खालच्या गाठीशी थांबून जपमाळेचे दहा मणी म्हणायचे, मधल्या गाठीशी वीस, आणि सगळ्यात वरच्या, पाण्याच्या जवळच्या गाठीशी अख्खी माळ. तेवढं थांबलं की अंगातली वाईट हवा निघून जाते, असं त्याला एका अमेरिकन खलाशाने शिकवलं होतं. माळेची भर त्याची स्वतःची. फार देवाधर्माचा नव्हता तो, पण त्याला मोजायला दुसरं काही येत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. सख्खे बहीणभाऊ लहानपण संपलं की एकमेकांपासून अंतर राखतात. भाऊ बसला असेल तर बहिणीने त्याच्यासमोरून ताठ चालायचं नाही, वाकून जायचं, जागा अरुंद असेल तर रांगत. शरीराबद्दल एकमेकांसमोर अवाक्षर काढायचं नाही. अंघोळ, पोट, शौच, बाळंतपण, काही नाही. आणि बहिणीने काही मागितलं तर भावाने नाही म्हणायचं नाही. म्हणून शहाण्या बहिणी फारसं मागत नाहीत. मी तोवर त्याच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. आईच्या मरणाला एक डुक्कर आणि माझ्या छपराला चार पत्रे.

हिसाए सोमवारी दुपारी विमानं उतरतात त्या मोएन बेटाहून गावच्या होडीने आली. पन्नाशीची, बुटकी, डोक्याला पांढरा रुमाल, हातात कापडी पिशवी. धक्क्यावर पोरांनी तिला घेरलं. तिला आमची भाषा येईना, पोरांना तिची. कुणीतरी म्हणालं, "तोनियाकडे न्या. तिला येते."

मला येत होती. जपान्यांच्या शाळेत मी पाच वर्षं गेले होते आणि पाचही वर्षं पहिली आले होते. युद्ध संपलं, अमेरिकन आले, आणि ती भाषा एका दिवसात निरुपयोगी झाली. अठ्ठावीस वर्षं मी ती कुणाशी बोलले नव्हते. नवरा वारला तेव्हा एकदा झोपेत बोलले म्हणे. हिसाएने दारात उभं राहून वाकून नमस्कार केला आणि मी तोंड उघडलं, तर सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. ती थक्क झाली.

"अहो, तुम्ही तर आमच्या लहानपणच्या शिक्षिकेसारखं बोलता! असं शुद्ध आता तिकडेही कुणी बोलत नाही."

हे मी लपवत नाही. मला फार बरं वाटलं. एक्केचाळीस वर्षांची विधवा बाई मी, अळूच्या चिखलात दिवसभर गुडघ्यापर्यंत उभी राहणारी, आणि कुणीतरी मला हुशार म्हणत होतं.

ती माझ्याकडेच उतरली. उकडून कुटलेला नीरफणस तिला गिळवेना, पण मासा आणि भात ती मनापासून जेवली. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून फोटो काढला. खलाशाच्या टोपीतला एक पोरगा, कान बाहेर आलेले.

"माझा भाऊ. तोशिमिचि. तुमच्या भाताच्या जहाजावर इंजिनात कोळसा टाकायचा. एकोणीस वर्षांचा होता. आई अजून आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घरच्या थडग्यात त्याच्या नावाचं भांडं आहे, आत एक दगड ठेवलाय. सरकारने दगड पाठवला होता. आई म्हणते, दगडाशेजारी मला पुरू नका."

"किती दिवस आहात?"

"शनिवारी सकाळचं विमान. पुन्हा येणं व्हायचं नाही. या वेळेसाठी मी अकरा वर्षं शिवणकाम केलंय."

मंगळवारी मी तिला सिरिलोकडे नेलं. आमच्यात नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो, तसा सिरिलो गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या बायकोच्या, फिलोमेनाच्या जमिनीवर राहायचा. तो ओट्यावर जाळं विणत बसला होता. मी वाकून कडेने गेले आणि पायरीखाली बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईंना सांग, फुलं वाहायची असतील तर होडी नेतो. वरून प्रार्थना करा. इंजिनाच्या खोलीत मी जात नाही. कुणीच जात नाही."

मी ते सांगितलं. हिसाएने मान डोलावली, पुन्हा पुन्हा वाकली, आभार मानले. रस्त्यात परत येताना रडलीसुद्धा नाही. फक्त घरी आल्यावर तिने तो फोटो पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद नीट बांधले, जणू आता ती उघडायचीच नव्हती.

बुधवारी सकाळी मी एकटी फिलोमेनाकडे गेले. भावाशी अवघड बोलायचं तर वहिनीमार्फत बोलायचं, ही पण रीतच. फिलोमेना विहिरीवर कपडे आपटत होती. तोंडाची फटकळ, पण माझ्यावर जीव होता तिचा.

"या वन्सं. आज वाट चुकलात? का जपानी बाईने घरातून हाकललं?"

"फिलोमेना, सिरिलोला सांग, मी मागतेय. एकदा इंजिनाच्या खोलीत जाऊन त्या पोराचं हाड मिळतं का बघ म्हणावं."

तिने कपडा तसाच दगडावर ठेवला.

"हे मला नाही ऐकू आलं. तुम्ही घरी जा."

"अगं, त्या बाईची आई..."

"मला कळतंय. सगळ्यांना आया असतात. वन्सं, तुम्ही मागितलंत तर ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून मागू नका. गेल्या महिन्यात अमेरिकनांना घेऊन एकाच दिवशी दोनदा खाली गेले, तर रात्रभर कोपर धरून बसले होते. दातखिळी बसली होती दुखण्याने. तुम्हाला ते सांगायचे नाहीत, मी सांगतेय."

"एकदाच."

"आणि होडीत कोण बसेल? कासुओ तोल बेटावर गेलाय मयताला, रविवारशिवाय यायचा नाही."

कासुओ म्हणजे फिलोमेनाचा भाऊ. सिरिलो खाली गेला की वर यंत्र, पेट्रोल, नळी, दोर सगळं तो बघायचा. नळीला हात लावून खाली काय चाललंय ते सांगायचा तो.

"मी बसेन," मी म्हणाले.

फिलोमेना मोठ्याने हसली. "बहीणभाऊ एका होडीत! दिवसभर! पाद्री घंटा वाजवून गाव गोळा करेल."

"हिसाए असेल ना मध्ये."

"मग काय, भिंतच झाली." ती हसत होती, मग थांबली. कपडा उचलून जोरात पिळला. "सांगते. पण मी नाही म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा वन्सं."

दुपारी निरोप आला. उद्या सकाळी, भरती लागल्यावर.

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. सिरिलो मागे इंजिनाशी, हिसाए मधल्या फळीवर, मी पुढे तळाशी, त्याच्यापेक्षा खाली राहावं म्हणून पाय पोटाशी घेऊन. त्याने मला यंत्र शिकवलं ते हिसाएकडे बघून. "बाईंना सांग, पेट्रोल इथे टाकायचं. बाईंना सांग, यंत्र खोकायला लागलं तर नळी तीनदा ओढायची." हिसाएला वाटलं तिलाच काम दिलंय, ती घाबरून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. मी ते तिला भाषांतर करून सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. सिरिलोही हसला, समुद्राकडे तोंड करून. त्याच्याबरोबर इतक्या जवळ मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत बसले नव्हते. मला तो दिवस आवडला होता. हेही खरंच सांगायला हवं.

जहाजाचं इंजिन बावीस वाव, म्हणजे सव्वाशे फुटांहून जास्त, खाली. त्या दिवशी तो जाऊन आला आणि म्हणाला, "जिना गाळाने भरलाय. वाट केलीय. उद्या आत जाता येईल." तिन्ही गाठींशी तो थांबला होता. मी वर बसून त्याच्याबरोबर माळ म्हणत होते, माझी संपली आणि तो पाण्याबाहेर आला.

शुक्रवारी सकाळी तो आत गेला. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग दोर हलला, दहा मणी, वीस मणी, पूर्ण माळ, आणि तो वर आला. कमरेच्या जाळीत एक लांब हाड होतं, तपकिरी, चहात बुडवल्यासारखं.

हिसाएने पांढरा रुमाल मांडीवर पसरला आणि हाड दोन्ही हातांनी घेतलं. ती रडेल म्हणून मी तयार होते. पण ती अंगठा हाडावरून वरपासून खालपर्यंत फिरवत गेली, हळूहळू, आणि पुन्हा वरपासून. कापडाची शिवण तपासतात तसं.

"उजव्या मांडीचं आहे हे?"

मी विचारलं. सिरिलो म्हणाला, "उजवीचंच वाटतं."

"तोशिमिचि नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला होता," हिसाए म्हणाली. "उजवी मांडी मोडली. गावच्या हाडवैद्याने बसवली ती वाकडीच बसली. हे सरळ आहे." तिने रुमालाची चारही टोकं हाडावर आणली, पण बांधली नाहीत. "हा दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ आहे. याला परत ठेवायला सांगा. आणि तुमच्या भावाला सांगा, पुष्कळ झालं. मी आईला सांगेन की मी जहाजाच्या वर बसले होते."

हे शब्द मी जसेच्या तसे भावाला सांगायला हवे होते. पुष्कळ झालं, असं ती म्हणाली होती. माझ्याशिवाय ती भाषा होडीत कुणाला येत नव्हती.

सिरिलो मागच्या फळीवर बसून नारळाचं पाणी पीत होता. त्याने विचारलं, "काय म्हणतात बाई?"

मी म्हणाले, "त्याची मांडी वाकडी होती म्हणते. हे त्याचं नव्हे."

"मग आता उद्या?"

"उद्या सकाळी तिचं विमान आहे."

त्याने डावा खांदा दोनदा फिरवला. मी पाहिलं. पाहिलं आणि तरी, आयुष्यात पहिल्यांदा, वहिनीला मध्ये न घालता, सरळ त्याच्याकडे मागितलं.

"सिरिलो, मी मागते तुझ्याकडे. आजच अजून एकदा."

तो माझ्याकडे बघू शकत नव्हता, म्हणून त्याने हिसाएकडे पाहिलं. हिसाएला काही कळलं नव्हतं. ती हाड मांडीवर घेऊन बसली होती.

"बरं," तो म्हणाला.

दुपारी तो तिसऱ्यांदा उतरला. ते सरळ हाड त्याने परत ठेवायला सोबत नेलं. हिसाए मला सारखी विचारत होती, "आता का जातायत? मी नको म्हटलं ना?" मी म्हणाले, "त्यालाच जायचं आहे." तिने पाण्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकून राहिली.

या वेळी तो सगळ्यात जास्त वेळ खाली होता. वाकडी मांडी शोधत असणार. गाळात हात घालून एकेक हाड चाचपत. यंत्राचं पेट्रोल गुरुवारची एक आणि शुक्रवारची एक, अशा दोन बुड्यांच्या हिशेबाने आणलं होतं. ऊन उतरायला लागलं आणि यंत्र खोकलं. डब्यात तळाशी होतं नव्हतं ते मी ओतलं आणि सांगितल्याप्रमाणे नळी तीनदा ओढली. दोर ताठ झाला. खालच्या गाठीशी तो थांबला, मी दहा मणी मोजले. मधल्या गाठीशी वीस झाले. वरच्या गाठीशी आल्यावर माझे पंधरा मणी झाले असतील नसतील, यंत्र दोनदा उचकलं आणि बंद पडलं. त्याचं डोकं होडीच्या कडेशी वर आलं.

त्याने दोन्ही हात कडेवर टेकवले आणि दम घेत म्हणाला, "नाही सापडलं. पुष्कळ आहेत. एकावर एक."

चढताना त्याला वेळ लागला. मी पुढे तळाशी होते, हात द्यायला गेले नाही. भावाचा ओला हात बहिणीने धरायचा नसतो.

होडीचं पेट्रोल वेगळ्या डब्यात होतं, घरी पोहोचण्यापुरतं. इंजिन सुरू करण्याआधी तो मागे उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. पुरुष होडीत कशासाठी असे उभे राहतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी मान खाली घातली. हिसाएलाही खूण केली, तिनेही डोळे मिटले. तो खूप वेळ उभा होता. एकदा त्याने एका हाताने कडेचा आधार घेतला. पाण्यावर काही पडल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, आम्ही आहोत म्हणून बिचाऱ्याला लाज वाटतेय, आणि मी मान आणखी खाली घातली. मी किती नीट रीत पाळतेय, असंच मनात होतं त्या वेळी.

मग तो बसला. इंजिन सुरू केलं. वाटेत तो एकदाच बोलला. "बाईंना विचार, थंडी वाजते का." हिसाए म्हणाली, नाही. वाजत त्याला होती.

धक्क्यावर तो शेवटी उतरला. आम्ही दोघी पुढे चालत होतो, मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचा उजवा पाय फरफटताना दिसला असता. दिसला तो फिलोमेनाला. घरी गेल्यावर त्याने तिला सांगितलं, दुपारपासून लघवी होत नाही, मांड्यांना मुंग्या आल्यात. तिने शहाळी पाजली, पाल्याचा काढा केला, तेलाने मांड्या चोळल्या. सकाळपर्यंत कमरेखाली त्याचं काही राहिलं नव्हतं.

हिसाएची होडी तेव्हा निघून गेली होती. तिला कळलंच नाही.

रविवारी कासुओ तोलहून आला. धावतच आला असणार, अंगावर मयताचेच कपडे होते. सिरिलोला मोएनच्या दवाखान्यात नेलं होतं. मी बाहेर झाडाखाली बसले होते. कासुओ आत जाऊन आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"वर आल्यावर काय झालं? सगळं सांगा."

मी सांगितलं. तो मागे उभा राहिला होता, हेही सांगितलं. कासुओ माझा भाऊ नव्हे, त्याला सांगता येत होतं.

"किती वेळ उभा होता?"

"अर्धी माळ."

"आणि झाली नाही?"

"नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांच्या आडूनच म्हणाला, "तीच खूण असते हो, वाईट हवा अंगात अडकल्याची. सगळ्यांना माहीत आहे. त्याला माहीत होती. मी असतो तर तिथल्या तिथे उमानहून पेट्रोल आणलं असतं आणि त्याला परत खाली घातलं असतं, दोन तास दोराला लटकवून ठेवला असता. दोघं वाचलेत तसे, माझ्या हातचे." मग तोंडावरचे हात काढून म्हणाला, "तुम्हाला कसं सांगणार होता तो? बहीण तुम्ही."

डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, अशा माणसाला आत ठेवून हवेचा दाब द्यायची लोखंडी खोली ग्वाम बेटावर आहे, नौदलाकडे, पण ती पहिल्या काही तासांत. आता तिकडे नेऊन उपयोग नाही. त्याने लघवीसाठी रबरी नळी घातली आणि ती कशी बदलायची ते फिलोमेनाला शिकवलं.

सिरिलो चौदा महिने जगला. गावी आणलं त्याला, पत्र्याच्या खोलीत पाठीवर झोपवलं. पाठीला जखमा झाल्या त्या भरल्या नाहीत. माझे हात रिकामे होते, माझी पोरं मोठी झाली होती, आणि फिलोमेनाला पाच लहान मुलं. पण त्याला पुसायला, कूस वळवायला, नळी बदलायला मी आत जाऊ शकत नव्हते. मी अंगणात बसून नीरफणस कुटायचे, कपडे धुवायचे. त्याचे कपडे नाही, मुलांचे. फिलोमेना आतून बादली घेऊन बाहेर यायची आणि माझ्यासमोरून जायची. पहिले काही महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस बादली खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही मागितलंत." एवढंच. त्यानंतर पुन्हा नेहमीसारखं बोलायला लागली, मीठ आहे का, पाऊस येईल का.

शेवटच्या पावसाळ्यात मी एकदा भिंतीला टेकून बसले होते, पलीकडून त्याचा आवाज आला.

"ताई आहेस का?"

"आहे."

"होडीतच कळलं होतं मला."

पत्र्यातून आवाज अगदी जवळचा वाटत होता. मी म्हणाले, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्यासमोर?"

"हिसाएला तरी सांगायचं."

"तिला सांगायचं तर भाषांतर कोण करणार?"

तो हसला. खरंच हसला, पूर्वी धक्क्यावर पोरांत हसायचा तसा, आणि मग खोकला. मी हसले नाही. मला वाटलं, आता विचारावं, मी तिचं 'पुष्कळ झालं' तुला सांगितलं नव्हतं, ते माहीत आहे का तुला. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात फिलोमेना पाणी घेऊन आली, त्याचं अंग पुसायचं होतं, आणि मला उठून लांब जावं लागलं.

तो १९७४च्या एप्रिलमध्ये गेला, गुड फ्रायडेनंतरच्या मंगळवारी. चाळीस पुरी व्हायला दोन महिने होते.

कासुओने तो दोर आणि यंत्र विकून टाकलं. काही वर्षं पाहुण्यांना नुसती होडी चालवून दिली, मग ग्वामला एका हॉटेलात बागकाम करायला गेला आणि तिथेच लग्न केलं. दारू वाढली होती. १९८८ साली वारला, शव इकडे आणायला जमलं नाही.

फिलोमेना आपल्या जमिनीवरच राहिली. दुसरं लग्न केलं नाही, विचारणारे होते. पाचही मुलं तिने वाढवली. शेवटी तिची दृष्टी गेली, तेव्हा मी रोज जाऊन तिला भरवायचे. ती मला वन्संच म्हणायची. २००४ साली गेली.

हिसाएची पत्रं येत राहिली, दर नवीन वर्षाला एक. दर पत्रात ती सिरिलोची चौकशी करायची, त्याच्यासाठी कधी मोजे, कधी विणलेली टोपी पाठवायची. मी लिहायचे, तो बरा आहे, मासेमारी करतो. बावीस वर्षं लिहिलं. तिची आई १९७९ला गेली, तिला दगडाशेजारीच पुरलं. हिसाए गेल्याचं १९९६मध्ये तिच्या भाच्याने कळवलं. त्याला उत्तर लिहायला बसले तर अक्षरं आठवेनात. तेव्हापासून मी ती भाषा लिहिलेली नाही.

मी आता नव्वदीला टेकले आहे आणि मुलीकडे मोएनला राहते, ज्याला आता वेनो म्हणतात. सिरिलोची चार मुलं परदेशी आहेत, एक गेलं. थोरला हवाईला विमानतळावर सामान चढवतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला तेव्हा मी ठरवून त्याला हे सगळं सांगायला लागले, अगदी होडीपासून. हिसाए काय म्हणाली होती आणि मी त्याच्या बापाला काय सांगितलं, तिथपर्यंत पोहोचले. तो म्हणाला, "आत्या, मला कामाच्या पाळीवर जायचंय, रविवारी करतो." रविवारी त्याने केला, पण त्याची नातवंडं शेजारी होती, त्यांनाही बोलायचं होतं, आणि त्यांना आमची भाषा येत नाही, म्हणून तो मध्ये भाषांतर करत राहिला आणि आम्ही हवापाण्याचं बोललो.